मिनिटाला एकशे अठ्ठावीस

सौदामिनीने नवऱ्याला नांदेडहून फक्त पिठाची चाळणी आणायला सांगितली होती. अंबरीश कॉलेजच्या कामाला विद्यापीठात निघालाच होता, आणि तिकडच्या बाजारात बारीक भोकांची चाळणी मिळते असं तिला, ती शिकवायची त्या शाळेत, कुणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी तो लातूरच्या स्टँडवर एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं होतं. (चाळणी नव्हती. त्या घरात चाळणीचा विषय पुढे सहा महिने निघत होता.)

खोक्यात तबकड्या होत्या. आता अंबरीशला तबकड्यांचं वेड आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रवेश विभागातला हा अडतीस वर्षांचा क्लार्क नाट्यगीतं जमवी, भावगीतं जमवी, हैदराबादी कव्वाल्या जमवी. पिकाला खत कसं घालावं हे समजावून सांगणारी एक सरकारी तबकडीदेखील त्याच्याकडे होती आणि ती तो श्रद्धेने महिन्यातून एकदा पुसून ठेवी. घराची रस्त्याकडची खोली या संसाराने भरून गेली होती.

आणि नेमकी तीच खोली सौदामिनीच्या डोळ्यांत खुपत होती. अठ्ठ्याण्णव सालचं लातूर ते! बारावीच्या क्लाससाठी दाही दिशांनी पोरं येऊन राहिली होती. ज्याच्याकडे चार भिंती होत्या त्याने त्यात पाच कॉट टाकल्या होत्या. समोरच्यांनी तर गाईचा गोठा धुऊन त्याला ‘स्टडी रूम’ अशी पाटी लावली होती.

“चौदा जूनला, रविवारी चाकूरहून केवळाबाई म्हणून एक बाई येणार आहेत, मुलीला घेऊन,” सौदामिनीने बजावलं. “खोली रिकामी पाहिजे. नाहीतर तुमची सगळी खोकी भंगारात. हे नवीन सगळ्यात आधी.”

अंबरीशने मान हलवली. त्याचं लक्ष नव्या खोक्यात होतं. नांदेडचा भंगारवाला माणिकप्पा म्हणाला होता, हे भूकंपाच्या मदतीतलं. त्र्याण्णवला जगभरातून मराठवाड्यात काय काय आलं होतं! औषधं आली, तंबू आले, आणि इथल्या उन्हात घालायला लोकरीचे ओव्हरकोटही आले. तसंच कुणा भल्या माणसाने माळा आवरताना हे खोकंही धाडलं असावं. पाच वर्षं ते गोदामा-गोदामांतून फिरलं आणि शेवटी अंबरीशला सापडलं.

पण तबकड्या विचित्र होत्या. मधल्या गोल कागदावर ना गायक, ना संगीतकार, ना कंपनी. कोरा पांढरा कागद, आणि त्यावर कुणीतरी बॉलपेनने नुसता एक आकडा लिहिलेला. अंबरीशने पहिली तबकडी लावली.

धप्. धप्. धप्. धप्.

तो मांडी घालून गाणं सुरू होण्याची वाट पाहत बसला. मिनिटभराने मागून काहीतरी छुक्‌छुक्‌ वाजू लागलं. ‘आता येणार मुखडा,’ म्हणून तो पुढे सरकला. सहा मिनिटं झाली, धप्‌धप् थांबलं, तबकडी संपली. मुखडा आला नाही. त्याने उलटी बाजू लावली. तिथेही तेच. दुसरी लावली, तिसरी लावली. गाणारा माणूस कुठेच नव्हता.

“अहो, ते बंद करा,” सौदामिनी स्वयंपाकघरातून ओरडली. “पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं होतंय मला!”

दुसऱ्या कुणी ते खोकं तिथेच बंद केलं असतं. पण अंबरीशला एक खोड होती: समजलं नाही की त्याला झोप येत नसे. आकडे कसले? किमती? घरनंबर? आठ दिवस तो ऑफिसात ‘एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस, एकशे बत्तीस’ असं पुटपुटत होता. (दोन पालकांना वाटलं, प्रवेशाची यादी लागली.) मग एका संध्याकाळी डॉक्टर नाडी बघतात तसं त्याने घड्याळ हातात धरून धपके मोजले. मिनिटाला बरोब्बर एकशे अठ्ठावीस! दुसरी लावली, एकशे सव्वीस. आकडा म्हणजे वेग होता!

आनंदाने त्याच्या अंगावर काटा आला. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. प्रत्येक तबकडीच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसतेच धपके होते, वर काही नाही. ही जागा कशासाठी ठेवली असेल? आणि त्याला उमगलं, जोडायला! पहिली संपता-संपता दुसरी तिच्यावर चढवायची, डब्याला डबा जोडतात तशी, म्हणजे गाडी थांबायलाच नको. या तबकड्या एकट्याने ऐकायच्या नव्हत्याच. सातासमुद्रापार कुठल्यातरी तळघरात कुणीतरी त्या दोन-दोन मिळून वाजवत होतं, त्यावर माणसं नाचत होती, आणि हे गुपित आख्ख्या लातुरात एकट्या अंबरीशला कळलं होतं.

त्यासाठी दुसरा रेकॉर्ड प्लेअर हवा होता. तो होता व्यंकटकडे. व्यंकट गेली तीस वर्षं लग्नामुंजीत लाऊडस्पीकर लावत आला होता. त्याने तबकडी दोन मिनिटं ऐकली आणि गंभीरपणे विचारलं, “साहेब, ह्यात मानूस कुठंय?”

“माणूस नाहीच यात. हेच तर आहे!”

“मग वरात निघालीय का मयत, हे लोकाला कळनार कसं?” व्यंकट म्हणाला. पण गडी हौशी. चौदा तारखेला सकाळीच तो प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन लाकडी बॉक्स टेम्पोत घालून आला.

चौदा तारीखच का? तर पाहुणे दुपारी येणार होते आणि अंबरीशला निदान एकदा तरी दोन तबकड्या जोडून ऐकायच्या होत्या. मग खोली गेली तरी चालेल, असं तो स्वतःला सांगत होता. (चालणार नव्हतं. खोली जाणार या विचाराने तो दोन दिवस नीट जेवलाही नव्हता.) गल्लीला त्रास नको म्हणून त्याने खिडक्यांना गाद्या लावल्या, चिरक्या आवाजाचे कर्णे व्यंकटला जोडूच दिले नाहीत, म्हणजे उरला नुसता धपका, आणि दोन्ही बॉक्सची तोंडं रस्त्याकडून फिरवून भिंतीकडे केली. माणूस किती विचार करतो पाहा. फक्त त्या भिंतीपलीकडे सासरे राहतात, एवढाच विचार राहून गेला.

सासरे म्हणजे बापूसाहेब, निवृत्त हेडमास्तर. भूकंपानंतर लातुरात घरोघरी एक रिकामी बाटली मान खाली करून स्टीलच्या ताटात उभी करत. धक्का बसला की बाटली ताटात पडे आणि त्या आवाजाने घर जागं होई. वर्षा-दोन वर्षांत लोकांनी बाटल्या काढल्या. बापूसाहेबांनी काढली नाही. त्यांची धाकटी बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती, ती त्या पहाटे गेली. त्या बाटलीची थट्टा गल्लीत कुणी करत नसे, अंबरीशही नाही. बाटलीशेजारी शाळेतून निरोपाला मिळालेली पितळी घंटा टांगलेली असे.

त्या दिवशी केवळाबाई सकाळचीच गाडी धरून आल्या. खोली आवरलेली नाही हे जाणून सौदामिनीने त्यांना वडिलांच्या घरी बसवलं आणि चहा ठेवला. सोबत मुलगी होती, उज्वला, तालुक्यात पहिली आलेली. इकडे अंबरीशने एक तबकडी बोटाने किंचित रेटली, दुसरीची सुई टेकवली, आणि दोन्ही धपके एकमेकांत असे बसले की व्यंकटच्या तोंडून “आयला!” निघालं. अंबरीशने डोळे मिटले. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं. (हे त्याने सौदामिनीला कधीच सांगितलेलं नाही.) त्याने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

भिंतीपलीकडे बाटली पडली. बापूसाहेबांनी घंटा घणाघणा वाजवली.

लातूरच्या माणसाला घंटा ऐकून विचार करता येत नाही. आधी पाय पळतात. अंबरीश आणि व्यंकटही तबकड्या तशाच फिरत्या ठेवून पळाले. दोन मिनिटांत आख्खी गल्ली समोरच्या मैदानात होती. भीमाशंकर सरांच्या फिजिक्सच्या क्लासमधली नव्वद पोरं वह्यांसकट आली होती.

“अजून चालूच हाय!” कुणीतरी भिंतीला हात लावून ओरडलं.

खरंच, थांबत नव्हता. भूकंप कसा, येतो आणि जातो. हा येऊन बसला होता. बापूसाहेबांनी घड्याळ काढलं, भिंतीला तळहात टेकवला आणि ते ओठ हलवत मोजू लागले.

“सर, धक्के एकसारखे कसे?” एका पोराने विचारलं.

“पिरिऑडिक मोशन!” भीमाशंकर सर म्हणाले. “लिहून घ्या.”

“सर, हे बोर्डाला येतं?”

“येऊ शकतं. दोन मार्काला.”

नव्वद पोरं मैदानात उकिडवी बसून लिहू लागली. तेवढ्यात बापूसाहेबांनी हात वर केला. “मिनिटाला एकशे अठ्ठावीस!” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “कलेक्टर ऑफिसला फोन लावा!”

अंबरीशने व्यंकटकडे पाहिलं. व्यंकट आकाशाकडे पाहत होता. समोर एक बाई तान्हं लेकरू छातीशी घट्ट धरून थरथरत होती आणि अंबरीशला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड लपवावंसं वाटलं. तो बोलणार, तोच आतली तबकडी संपली. भिंत शांत झाली. “थांबला, थांबला!” लोकांनी हात जोडले.

आता गंमत अशी, की तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. उलट फायदाच होता, कारण केवळाबाईंनी पिशवी काखेला मारली होती. “न्हाई बाई,” त्या सौदामिनीला सांगत होत्या, “लई भोगलंय आमी. असल्या गावात न्हाई ठिवत मी पोरीला. चल गं.”

खोली वाचली होती! अंबरीशला नुसतं उभं राहायचं होतं. पण उज्वला जागची हलली नाही. ती हळूच म्हणाली, “आये, मग माझं बारावीचं?” आणि खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

“भूकंप नव्हता तो,” अंबरीश म्हणाला. “मी होतो.”

मग पाच मिनिटं मैदानात काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भीमाशंकर सरांनी पोरांना ती नोट खोडायला सांगितली. (काहींनी खोडली नाही, न जाणो आलंच तर!) बापूसाहेब संथपणे जावयासमोर येऊन उभे राहिले.

“अंबरीशराव, माझी बाटली पडली का नाही?”

“पडली.”

“पाच वर्षांनी पडली, पण पडली. म्हणजे बाटली बरोबर काम करतेय.” आणि ते ती पुन्हा उभी करायला घरात गेले. त्यांचे डोळे ओले होते. अंबरीशने त्यांच्यामागे जाऊन पाय धरले.

तो बाहेर आला तर केवळाबाई त्याच्या खोलीत बॉक्सला हात लावून बघत होत्या. “वाजवा जरा,” त्या म्हणाल्या. अंबरीशने भीत-भीत, अगदी हळू वाजवलं. “आगं बया! पायातून डोस्क्यात जातंय की! साहेब, माझी पोरगी लई हुशार हाय, पर पहाटं चारला काय केल्या उठत न्हाई. पानी वतलं तर कूस बदलती. तुमी रोज चारला हे वाजिवनार आसाल, तर आजच ठिवते.”

अंबरीशने तोंड उघडण्याआधीच सौदामिनीने उत्तर दिलं. “वाजवतील. एक दिवस जरी मुलगी उठली नाही, तर सगळी खोकी माणिकप्पाकडे परत.”

खोली उज्वलाला मिळाली. खोकी तिच्या कॉटखाली गेली, यंत्र माजघरात आलं. गल्लीला आधी सूचना देण्यात आणि व्यंकटला वायरी जोडण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अंबरीश पहाटे साडेतीनलाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. त्याचा हा पहिला जाहीर कार्यक्रम. एकशे सव्वीसने सुरुवात करायची, एकशे अठ्ठावीसवर चढायचं, एकशे बत्तीसला कळस! चारच्या ठोक्याला त्याने सुई टेकवली.

गल्लीत खोलीमागून खोली दिवे लागत गेले. नव्वदच्या नव्वद पोरं उठली. भीमाशंकर सर उठले. बापूसाहेब बाटली हातात घेऊन ओट्यावर येऊन बसले. अंबरीशने असं काही जोडकाम केलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. फक्त उज्वलाचं दार उघडलं नाही. एकशे बत्तीस लागलं, तरी नाही.

साडेचारला अंबरीशने सुई उचलली आणि सौदामिनीने दारावर बांगडी वाजवली. उज्वला डोळे चोळत बाहेर आली. चेहरा कसा टवटवीत!

“ठरल्याप्रमाणे,” सौदामिनी म्हणाली आणि कॉटखालचं खोकं ओढायला वाकली.

“नका ना काकू!” उज्वला कळवळून म्हणाली. “चार दिवस झाले, डोळ्याला डोळा लागला नव्हता. आमच्या शेतात खाटेच्या उशालाच डिझेल इंजिन. त्याच्या धडधडीशिवाय मला झोपच लागत नाही. आज इथं आल्यापासून पहिल्यांदा झोपले. काका, तुम्ही रोज रात्री दहाला लावत जाता का? चारला मी घड्याळाच्या गजराने उठेन.”

सौदामिनीने खोकं परत आत सरकवलं. तिला हसू आवरेना. सारं वाचलं होतं.

“फक्त काका,” उज्वला दारातून वळून म्हणाली, “मध्ये बंद नका करू हां. इंजिन थांबलं की मला लगेच जाग येते.”

रात्री दहा ते पहाटे चार, आणि सहा मिनिटांची एक बाजू. अंबरीश बोटं मोजू लागला.

“साठ,” सौदामिनी म्हणाली. “जा, आत्ताच थोडं झोपून घ्या.”