मालक कोन याचा?

वाघचौरे सरांच्या हातात तुम्ही काहीही द्या, अगदी देवाच्या प्रसादाचा पेढा द्या, ते तो तोंडात टाकायच्या आधी उलटा करून बघणार आणि विचारणार, "मालक कोन याचा?" मी ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी माझ्याकडं बघूनही त्यांनी तसलंच काहीतरी विचारलं. कुणी आणलं यांना? मग मला म्हणाले, "मॅडम, पुण्याला कव्हा जानार?"

मी सांगितलं, मी इथलीच, सिडकोत राहते, पुण्याला जायचा विचार नाही.

"सगळे असंच म्हनतेत," सर म्हणाले आणि खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवून बसले.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. विहिरीवरची मोटर घरी बसून मोबाइलवरून चालू-बंद करता येते ना, तो डबा आम्ही बनवतो. डब्यातला प्रोग्राम सर लिहितात. त्यांच्या हाताखाली मी. सर मूळचे कन्नड तालुक्यातले. एवढी वर्षं शहरात काढली, पण बोलणं गावाकडचंच राहिलं. संशय मात्र गावाकडचा की शहरातला, ते मला अजून कळलेलं नाही. खिडकीतून बाहेर बघायचं असलं तरी आधी कॉम्प्युटर लॉक करतात. डब्याचं झाकण उघडताना ते सकाळी आपणच लावलं होतं तसंच आहे का, हे तपासतात. माझा चार्जर एकदाच मागून घेतला आणि वापरून झाल्यावर माझ्या हातात ठेवत म्हणाले, "वापस मिळाला म्हना." मी म्हटल्याशिवाय वायर सोडली नाही.

अशा माणसाला शोभेल अशीच भाषा त्यांना मिळाली. तिचं नाव रस्ट, म्हणजे गंज. समोरच्या शेडमध्ये लोखंडाचा गंज घालवायचं काम चालतं आणि आमच्याकडं जुना प्रोग्राम काढून गंज भरायचं, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. या भाषेत प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. दुसऱ्या कुणाला ती हवी असली तर उसनी घ्यायची, आणि उसनी घेण्याचेही नियम आहेत. ते मला सरांनी ऑफिसातल्या पेपरवरून शिकवले. नुसता वाचायचा असेल तर चौघांनी मिळून वाचा, हरकत नाही. शब्दकोडं भरायचं असेल तर एकट्यानं न्या, तोवर बाकीच्यांनी डोकवायचंसुद्धा नाही. हा नियम मोडला तर प्रोग्राम तपासणारा कंपायलर तिथंच अडवतो, पुढं जाऊ देत नाही. सरांचा कुणावर विश्वास असेल तर त्या कंपायलरवर. "त्यो आपल्यापरीस संशयी हाय," ते कौतुकानं म्हणायचे.

मला सगळ्यात छळलं ते क्लोजरनं. क्लोजर म्हणजे आत्ता सांगून ठेवलेलं आणि नंतर करायचं काम. दहा मिनिटांनी विहिरीतलं पाणी बघ आणि मोटर बंद कर, असं सांगून ठेवतो तसं. माझी अशी कामं कंपायलर एकापाठोपाठ एक नाकारायचा. उसनी घेतलेली वस्तू तेवढा वेळ जगत नाही, असं तो सांगायचा आणि मला काही उमजायचं नाही.

"निरोप घेऊन निघालेला मानूस समजा," सर म्हणाले. "त्याचा खिसा तपासा. खिशात वस्तू हाय, का वस्तूचा नुस्ता पत्ता हाय? पत्ता आसंल तर त्यो तिथं पोचंपर्यंत घर जाग्यावर राहील का?"

जुन्या प्रोग्रामची नेमकी हीच गत होती. तो वेगळ्या, जुन्या भाषेत लिहिलेला. त्यात कधीतरी निरोप्या पोचायचा, घर गेलेलं असायचं, आणि विहीर आटली तरी मोटर फिरत राहून जळायची. म्हणून तर सगळं नव्यानं लिहायला घेतलं होतं. तो जुना प्रोग्राम काझी सरांनी लिहिला होता. मी यायच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते घरी बसले. मला ते माहीत होते ते प्रोग्रामच्या माथ्यावरच्या नावापुरते.

आता ज्या माणसाला सगळ्यांचा संशय, त्याचा संशय सगळ्यांना यायला वेळ लागत नाही. वाघचौरे सर रोज जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचे. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून स्कूटरवर निघायचे, कुठं जाता म्हणून विचारलं तर "हितंच" म्हणायचे आणि सुट्टी संपून बऱ्याच वेळानं उगवायचे. त्यातच चितेगावच्या एका कंपनीनं हुबेहूब आमच्यासारखा डबा बाजारात आणला. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी सरांना चितेगावच्या वाटेवर, पैठण रोडला, पाहिल्याचंही सांगून मोकळं झालं.

मग साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. तुम्ही शेजारी बसता, काय दिसतं, असं विचारलं. मला काहीच दिसत नव्हतं, कारण मी जवळ गेले की सर स्क्रीन बंद करायचे. तसं मी सांगितलं, आणि सांगता सांगता कळलं की हे त्यांच्या बाजूनं सांगितल्यासारखं अजिबात वाटत नाही.

"शनिवारी त्यांना मोकळं करतो," साहेब म्हणाले. "तोपर्यंत त्यांचं काम तुम्ही समजून घ्या."

दुसऱ्याच दिवशी सरांची स्कूटर बंद पडली. किका मारून दमले, प्लग काढून पुसला, रिक्षाला हात केला आणि रिक्षावाल्याकडं असं काही बघितलं की तो न थांबता गेला. शेवटी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. माणसाला कर्ज मागतानाही एवढं अवघडत नसेल. म्हणाले, तुमची स्कूटी उसनी पाहिजे, पण मला ही बिनागिअरची चालवता येत नाही, तेव्हा तुमच्यासकट पाहिजे.

जायचं कुठं ते सांगेनात. मागं बॅग कवटाळून बसले आणि एकेक वळण आल्यावरच सांगत गेले. जालना रोडनं सरळ. आता पुलाखालून. आता उजवीकडं. मध्येच मागं वळून कुणी येतंय का तेही बघायचे, त्यामुळं गाडी डुलायची. मला मनातून धास्ती वाटत होती. चितेगावच्या कंपनीचा माणूस कुठल्या तरी हॉटेलात वाट बघत असणार आणि त्याच्यापर्यंत सरांना मीच नेऊन सोडणार, असंच चित्र डोळ्यांपुढं होतं.

कटकट गेटच्या अलीकडं एका गल्लीत त्यांनी गाडी थांबवायला लावली. दार उघडलं ते माझ्याएवढ्या एका बाईनं. तिनं सरांकडं बघून आत हाक दिली, "अब्बा, आ गये देखो." मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, "या ना, बाहेर का थांबलात?" ती नाझिया, काझी सरांची मुलगी.

काझी सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. राहिले होते दोनच शब्द, हौ आणि नक्को. वाघचौरे सरांनी माझी ओळखसुद्धा करून दिली नाही. लॅपटॉप उघडला, आदल्या दिवशी नव्यानं लिहिलेला भाग जुन्या भागाशेजारी लावला आणि ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायला लागले. काझी सर डोळे मिटून ऐकत होते. हौ. हौ. मोटर बंद करायच्या क्लोजरपाशी आले आणि डोळे उघडून म्हणाले, "नक्को."

"का नक्को? पानी मोजलेला आकडा खिशात घालून दिलाय. नुस्ता पत्ता नाय दिला. कंपायलर हौ म्हनतो."

"नक्को."

"सर, उगं हट्ट करायलात तुम्ही."

काझी सरांनी डावा हात पलंगावर आपटला आणि भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडं बोट केलं. मग बोट खाली, मग वर. नाझियानं दिवा लावून बघितला. तेही नक्को. वाघचौरे सर चिडून खोलीत फेऱ्या मारायला लागले आणि मध्येच थबकले. लाइट! लाइट गेली आणि तासाभरानं आली, तर निरोप्याच्या खिशातला आकडा तासाभरापूर्वीचा. तोवर विहिरीच्या दुसऱ्या हिस्सेदारानं डिझेल इंजिन लावून ती आटवलेली असणार, आणि हा जुन्या आकड्यावर भरवसा ठेवून मोटर चालू ठेवणार.

"वस्तू कुनाची ते कंपायलरला कळतं," सर खाली बसत म्हणाले. "शिळी का ताजी ते नाय कळत." मग काझी सरांकडं बघून, "पोचल्यावर नवं मोजायचं. हौ?"

"हौ," काझी सर म्हणाले, आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला.

परत येताना मी विचारलं, रोज जाता? म्हणाले, "त्यांचं लिहिलेलं हाय. त्यांना न इचारता कसं बदलू?" आणि ऑफिसच्या फाटकाशी उतरताना बजावलं, "हे तुम्हाला दाखवलं मॅडम. दाखवलं म्हंजे दिलं नाय."

पण शनिवार परवावर आला होता. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, मी एकदाच गेलो होतो काझींकडं. त्यांना बोलता येईना, मला बसवेना.

शनिवारी सरांना कुणी काही म्हणालं नाही. चितेगावचा एक डबा विकत आणून त्यांच्यापुढं ठेवला, एवढंच. त्यांनी तो दारं लावून उघडला, दिवसभर तपासला आणि निकाल दिला की हा प्रोग्राम आपला नाही. "आपल्या चुका नायत ह्याच्यात," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साहेब मोसंब्यांची पिशवी घेऊन काझी सरांकडं पोचले आणि तिथं वाघचौरे सरांनी त्यांना पाहिलं. कुणी सांगितलं ते ओळखायला त्यांना कंपायलर लागला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ते शेजारच्या खुर्चीवरून मला ईमेल करायचे. बोलले एकदाच.

"वाचायला दिलं होतं, मॅडम. वाटायला नाय."

मी माफी मागितली नाही, कारण पुन्हा वेळ आली तरी मी तेच केलं असतं. त्यांनाही ते ठाऊक असावं. मी आले त्या दिवशी वीतभर लांब नेलेली खुर्ची एके दिवशी त्यांनी सरकवून पुन्हा जागेवर आणली.

मग पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना ताप आला. सर कामावर आले नाहीत असं पहिल्यांदाच घडलं. सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. काझी सरांकडं तुम्हाला जावं लागेल, म्हणाले. कालचा भाग वाचून दाखवा. सावकाश वाचा. नक्को म्हणाले तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

मी गेले. सावकाश वाचलं. काझी सर पहिल्या ओळीला हौ म्हणाले, दुसरीला हौ म्हणाले. कुठंच अडले नाहीत. एके जागी मी चुकून एक अख्खी ओळ गाळली, त्यालाही हौ. डोळे उघडेच होते, पण दाराकडं. मी थांबले तरी त्यांना कळलं नाही.

नाझियानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि चहा गाळत हळूच म्हणाली, "आम्हालापण सगळ्याला हौच म्हणतात. डॉक्टरला, माझ्या मुलांना, जेवायचं का विचारलं तरी. भांडतात ते फक्त वाघचौरे अंकलशी."

मी बाहेर येते तोवर वाघचौरे सरांचा फोन आला. पलंगाशेजारी उभी राहून मी तो घेतला.

"काय म्हनले?"

"सगळ्याला हौ म्हणाले."

"सगळ्याला?" सर म्हणाले. मग विचारलं, "दाराकडं बघायलेत का?"

मी हो म्हणाले. सर खोकले. ती खोकल्याची उबळ बराच वेळ चालली, फोनबाहेरही ऐकू येईल इतकी.

"त्यांना सांगा, ताप उतरला म्हनून," ते म्हणाले. "उद्या येतो म्हना."

मी फोन कानापासून न काढता काझी सरांना सांगितलं की वाघचौरे सरांचा ताप उतरलाय, उद्या येतायत. त्यांनी दारावरची नजर काढली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडं, बराच वेळ.

"नक्को," ते म्हणाले. चांगलं खणखणीत.

"हां," पलीकडून सर म्हणाले. "आता ऐकायलेत."