सरांची सरळ रेष

ताईचा बटाटा मेलेला निघाला, आणि तोही परीक्षकांसमोर.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, कारण एकाच प्रबंधाला इतकी वर्षं चिकटून राहिलेलं माणूस तिथे दुसरं नव्हतं. आज डॉक्टरेटचा सोक्षमोक्ष लागायचा होता. जिवंत पेशी वीज साठवतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे यंत्राला जोडलेल्या कच्च्या बटाट्याची पडद्यावर छान कमान उमटते. उकडलेल्याची येते सपाट रेष. ताईचं सगळं गणित त्या कमानीवर उभं होतं, आणि पडद्यावर आली ती पट्टीने आखल्यासारखी रेष.

"उकडलाय का हो?" परीक्षकांनी विचारलं.

"छे हो सर, कच्चा आहे! चावून बघा हवं तर."

परीक्षकांनी खरंच चावून बघितला. कच्चा होता.

तिने दुसरा बटाटा लावला. सपाट. वायरी बदलल्या. तरी सपाट. शेवटी तिचे मार्गदर्शक सर बाही सारून पुढे झाले. "माझ्या हाताला लाव. मी तर जिवंत आहे ना?"

रेषेचं मत वेगळं पडलं.

ताई पुन्हा यंत्र चाचपू लागली. पण सर हाडाचे प्राध्यापक. मरतील, पण अडणार नाहीत. "अपेक्षितच होतं हे!" म्हणत, हाताच्या वायरी तशाच लोंबत ठेवून त्यांनी खडू उचलला. "कोरड्या हवेत पेशी वीज साठवतच नाहीत."

"अरे वा! म्हणजे हा नवा नियमच झाला की!" परीक्षकांनीही खडू घेतला. बघता बघता दोघांनी फळा भरून टाकला. लेखावर नाव आधी कोणाचं, इथवर गाडी पोचली.

इतक्यात ताईचं लक्ष यंत्राच्या मागच्या बटणाकडे गेलं. सकाळी यंत्र तपासताना तिने ते चाचणीवर फिरवलं होतं आणि तिथेच विसरली होती. यंत्र मघापासून ना बटाटा मोजत होतं, ना सरांना. स्वतःच्याच पोटातला, वीज न साठवणारा तपासणीचा तुकडा मोजत बसलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. तिने बटण फिरवलं.

"सर, आली! कमान आली!"

दोघे वळले. आधी पडद्याकडे बघितलं, मग फळ्याकडे.

"इतकं छान चाललं होतं," परीक्षक कळवळून म्हणाले. "हात कशाला लावलात?"

"आधी या कमानीतला बिघाड शोध," सर म्हणाले, "मग पदवीचं बघू."