मारुतरावांचा एक नंबर

सी ही कॉम्प्युटरची अत्यंत शालीन भाषा आहे. ती कधी काही विचारत नाही. दहा घरांची यादी करून अकराव्या घरात पाय ठेवलात, तरी ती 'कोण रे?' म्हणत नाही. (बांध कोरणाऱ्यांना इतका समजूतदार शेजारी आमच्या राहू गावात आजवर लाभलेला नाही.)

या भाषेत पृथ्वीराजने गावच्या पाणी गटासाठी मोटरीचा प्रोग्रॅम लिहिला. शिरूरच्या क्लासचं सर्टिफिकेट त्याच्याकडे होतं, लॅमिनेशन केलेलं. दहा शेतं, दहा व्हॉल्व, पाळीपाळीने आपोआप उघडायचे. सीमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून अध्यक्ष मारुतरावांच्या वाट्याला शून्य आलं.

"म्हंजी गावात आमची किंमत शून्य व्हय रं?" मारुतरावांनी विचारलं.

"आबा, शून्य म्हंजी पयलाच की!"

"मंग एक म्हन."

पृथ्वीराजला कणा होता, पण त्या दिवशी तो घरी राहिला होता. त्याने यादीची सुरुवात दाखवणारा पॉइंटर एक घर पुढे ढकलला. मारुतराव एक नंबर झाले, बाकीचे एकेक घर सरकले आणि शेवटच्या चांगुणाबाई यादीबाहेरच्या अकराव्या घरात जाऊन पडल्या. नेमकी त्याच घरात 'मोटर बंद'ची खूण राहत होती. कॉम्प्युटरने तशी वॉर्निंग दिली. (वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे, असं क्लासमध्येच शिकवलं होतं.)

झालं! चांगुणाबाईंचा व्हॉल्व उघडला की मोटर बंद. त्यांची शेवंती ऐन कळीवर आली होती.

"पोरा, माझ्याच पाळीला मोटर का रं झोपती?" त्या रोज विचारायच्या.

गटाने सखोल चौकशी केली. नऊ जणांना पाणी मिळते, सबब प्रोग्रॅम नव्वद टक्के उत्तम. उरलेले दहा टक्के चांगुणाबाईंचा पायगुण. त्यांना आधी व्हॉल्व बदलण्याचा आणि मग मोटरीला नारळ फोडण्याचा सल्ला देण्यात आला. बिचारीने दोन्ही केलं.

पृथ्वीराजला चूक केव्हाच सापडली होती. यादीत एक घर वाढवलं की काम भागत होतं. पण मग चूक होती असं म्हणावं लागलं असतं, आणि त्याचा सत्कार तर ठरलेला. सत्कार थाटात झाला. हार शेवंतीचा होता (दौंडहून मागवलेला, गावात त्या आठवड्यात फुलं नव्हती). दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप एक घर वाढवलं. शून्य नंबरचं घर अजून मोकळंच आहे.

सी काही विचारत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. तुम्हीही कणा, पायगुण, नारळ अशी मजा घेत इथवर आलात. चांगुणाबाईंच्या शेवंतीचं पुढे काय झालं, हे काही विचारलं नाहीत. जळाली.