डबीत हात घालू नये

कॉम्प्युटरची माहितीपुस्तिका वाचून हसणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे गजभिये सर. आणि ती पुस्तिका त्यांनीच लिहिलेली होती.

नेरच्या कापूस खरेदी केंद्रात ते कॉम्प्युटर सांभाळायचे, मी टोकनच्या खिडकीवर बसायचे. कापसाचे ते वाईट हंगाम होते. भाव पडलेला, बैलगाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही. रांगेत कोणी मध्ये घुसू नये म्हणून सरांनी पाच-सहा वर्षांपूर्वीच टोकनचा प्रोग्राम केला होता आणि तो कसा वापरायचा याची जाडजूड फाईल. तिच्यात असं असे: ‘हे बटन दाबल्यावर काहीच होत नाही. तरी दाबून पाहा, मन शांत होते.’ किंवा, ‘प्रोग्राम अडकल्यास चहा घ्यावा. चहा संपल्यावरही अडकलेला असल्यास मले आवाज द्या.’

रांगेचे नंबर त्यांनी प्रोग्रामच्या आत बंद करून ठेवले होते. बाहेरून ते बघता यायचे, बदलता यायचे नाहीत. या बंदोबस्ताला ते ‘डबी’ म्हणत. त्या पानावर लिहिलं होतं, ‘डबीत हात घालू नये. केंद्राच्या साहेबांनीही नाही. त्यांच्या मेव्हण्यानं तर नाहीच.’

मेव्हणा खरंच आला, आपला नंबर पुढे घ्या म्हणत. सर म्हणाले, "मी कुठं नाही म्हणून राह्यलो भाऊ? डबीच आयकत नाही."

एका दुपारी शेवंताबाई खिडकीशी आल्या. अर्धांगवायू झालेला नवरा घरी, त्याच्याजवळ बसलेली शेजारीण संध्याकाळी गावाला जाणार. बाईंचा नंबर दोनशे बारा, आणि चालू होता तिसावा.

"गाडी सोडून जाऊ कशी? अन् त्याले पाणी कोण पाजन?" एवढंच त्या म्हणाल्या.

सर उठून रांगेकडे गेले आणि रशीदभाईंना घेऊन आले. त्यांचा नंबर एकतिसावा.

"माहा नंबर बाईले द्या," रशीदभाई म्हणाले. "माह्या घरी भाऊ आहे. मी थांबतो."

पण नंबर बदलायची सोय सरांनी ठेवलीच नव्हती. मग प्रोग्रामच्या भाषेतल्या एका आडवाटेनं, स्वतःचाच बंदोबस्त चुकवून, आत शिरले आणि दोन्ही नंबर अदलाबदल केले. शेवंताबाईंची गाडी आत गेली. रशीदभाई थांबले तितके दिवस सर त्यांना घरून चहा आणत.

त्या दुपारीच सरांनी फाईल उघडून लिहिलं, ‘आज डबीत हात घातला. घालणारा मीच. लाज वाटली, पण थोडीच.’

"सर, लिहून कशाला ठेवता? साहेबांनी वाचलं तर?"

"साहेब वाचत नाही, मॅडम. कोणीच वाचत नाही." त्यांनी फाईल मिटली. "माही मंडळी वाचे. कॉम्प्युटरातलं तिले काही समजे नाही. जेवण झालं का एक पान वाचे अन् हासे. चार वर्षं झाले तिले जाऊन."

"मग आता कोणासाठी लिहिता?"

"सवय," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी फाईल घरी नेली. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांना सांगितलं, "सर, अठ्ठेचाळिसाव्या पानावर मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली."

सरांचा घास हातातच राहिला. "कोणत्या ओळीले?"

मी ती ओळ वाचून दाखवली. ते मान खाली घालून ऐकत होते.

"तीबी इथंच हासे," म्हणाले, आणि आपल्यातली अर्धी भाकर त्यांनी माझ्या ताटलीत ठेवली.