तिसऱ्या ठोक्याला उशीर

एका जंगलात, मुलांनो, एक रॉक बँड होता. जंगल कोणतं ते विचारू नका. जिथे म्हातारी अस्वलं असतात तिथे असा एखादा बँड असतोच.

बँडचं नाव 'वणवा'. झिपरोबा अस्वल गायचा. साळूआक्का साळिंदर आपल्याच पाठीवरचे काटे छेडायची. नारबा सुतार पक्षी वठलेल्या सागावर चोचीने ताल धरायचा. त्यांचं 'जाळ कर, जाळ' हे गाणं लागलं की तरुण वानरं फांद्यांवरून उड्या टाकत. आता ती वानरं फांदीवरून हळूच उतरतात आणि नुसती मान डोलावतात.

नारबात एक दोष होता. चारांपैकी तिसरा ठोका त्याचा उशिरा पडायचा. फार नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण दरवेळी.

तीस वर्षं झिपरोबा त्याच्यावर ओरडला. "नारबा, तिसरा!"

"तिसरा वेळेवर आहे," नारबा म्हणायचा. "तुमचा चौथा घाईत असतो."

मागच्या उन्हाळ्यात नारबा वारला. लहान पक्षी होता, लहानशाच कारणाने गेला.

वर्षभर झिपरोबा गायला नाही. मध काढून आणायचा आणि खायचं विसरायचा. मग त्याने सात नवी गाणी केली आणि साळूआक्काला ऐकवली.

"बरी आहेत," आक्का म्हणाली. "पण आपल्या वयात नवा अल्बम? पोरं हसतील."

"हसू देत. हा शेवटचा. यात नारबा हवा."

"अरे, तो गेला."

"ते मला माहीत आहे. तरी हवा."

जंगलात अल्बम काढायचा म्हणजे गाणी भृंगराजाला ऐकवायची. हा काळा, लांब शेपटीचा पक्षी कोणाचाही आवाज हुबेहूब काढतो. एकदा शिकला की झाडोझाड फिरून तेच म्हणतो. बँडचे कार्यक्रम ठरवणाऱ्या कोल्ह्याने त्याला बोलावून घेतलं.

"अगदी सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "नारबाचे ठोके याच्या गळ्यात आहेतच. तुम्ही गा, हा मागून ठोके घालेल. आपण जंगलभर सांगायचं, नारबा परत आला! वहिनींना, म्हणजे नारबाच्या बायकोला, विचारलंय मी. त्यांनी मान हलवली."

"कशी हलवली?"

"हलवली हो. मान ती मान."

सुतार पक्ष्यांची मान एरवीही हलतच असते, हे कोल्ह्याच्या लक्षात आलं नव्हतं.

भृंगराजाने गळा साफ केला. टक, टक, टक, टक.

साळूआक्काचे सगळे काटे उभे राहिले. झिपरोबाने डोळे मिटले. तीच चोच होती. तोच साग होता. सालीखालचा पोकळपणासुद्धा तोच.

मग त्याने डोळे उघडले. "तिसरा?"

"तो मी सुधारला," भृंगराज नम्रपणे म्हणाला. "जुन्या सगळ्या गाण्यांतला सुधारून टाकलाय."

"पहिल्यासारखा घे."

"आता नाही येत. सुधारलेलाच तोंडात बसलाय."

"म्हणजे तो उशीर आता कुठेच नाही?"

"नाही ना!" कोल्हा खुशीत म्हणाला. "जंगलात एकही शिल्लक ठेवलेला नाही."

झिपरोबा उठला आणि वठलेल्या सागासमोर जाऊन बसला. पंजाने ठोके द्यायला लागला. धप, धप, धप, धप. तिसरा अगदी वेळेवर.

तीस वर्षं दुसऱ्याची चूक काढण्यात गेल्यामुळे त्याला स्वतःला चुकता येत नव्हतं. अकरा दिवस त्याने सराव केला. कधी उशीर जास्त व्हायचा, कधी तिसऱ्याऐवजी दुसराच मागे पडायचा.

"इतका उशीर नाही रे," साळूआक्का म्हणायची. "तो उशिरा यायचा. तू तर येतच नाहीस."

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा ताल गेला," कोल्हा म्हणाला.

"म्हणू देत."

"मी तरी किती सांभाळून घेऊ?"

"सांभाळू नका. बाजूला बसा."

बाराव्या दिवशी जमलं. भृंगराजाने सातही गाणी ऐकली. "यातलं काही सुधारायचं नाही," झिपरोबाने त्याला सांगितलं. अस्वल इतक्या जवळ येऊन सांगतं तेव्हा पक्षी ऐकतात.

पाणवठ्यावर अल्बमचा सोहळा झाला. झिपरोबा आणि साळूआक्का स्वतः वाजवायला उभे राहिले. पहिलं गाणं संपताच वानरं ओरडली, "जाळ कर, जाळ!" दुसऱ्यानंतरही तेच ओरडली. तिसऱ्यानंतर ती पाणी प्यायला गेली आणि परत आली नाहीत. बिबट्याच्या पिल्लाने आईला विचारलं, "हे अजून जिवंत आहेत?" आई म्हणाली, "तिघांपैकी दोघे."

घुबड परीक्षकाने पाचव्या गाण्यालाच आपलं मत जाहीर केलं. अनुभवी कलावंतांचा प्रामाणिक प्रयत्न आहे, मात्र तिसऱ्या ठोक्यावर वय जाणवतं. कोल्ह्याने त्यातला फक्त 'प्रामाणिक' हा शब्द उचलला आणि जंगलभर लावला.

सातवं गाणं संपलं तेव्हा समोर एकटी नारबाची बायको उरली होती. ती बाभळीच्या खालच्या फांदीवर बसली होती. झिपरोबा तिच्यापाशी गेला. इतका मोठा प्राणी, पण हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"वहिनी, कसं वाटलं?"

तिने जरा विचार केला.

"चौथ्या गाण्यात, भावोजी, एकदा तुमचा तिसरा ठोका वेळेवर पडला."

झिपरोबाने मान खाली घातली. "चुकलो, वहिनी. पुन्हा नाही होणार."

"घरी आल्यावर हेही असंच म्हणायचे," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, मित्राच्या चुका तो असतानाच सुधारून घ्याव्यात. तो गेला की त्या आपल्यालाच कराव्या लागतात, आणि त्याला फार सराव लागतो.