वरल्या अंगाचं पाणी

आमच्या मन्मथमामांना डावं-उजवं कळत नाही. पूर्व-पश्चिमही कळत नाही. त्यांना दोनच दिशा माहीत आहेत, वरलं अंग आणि खाललं अंग. नदी जिकडून येते ते वरलं, जिकडे जाते ते खाललं. जेवायला बसले की "चटणीची वाटी जरा वरल्या अंगाला सरकव" म्हणतात. आपण अंदाजानं सरकवावी तर ती हटकून खालल्या अंगाला गेलेली असते. एकदा पोट दुखायला लागलं म्हणून मी त्यांना लातूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कुठं दुखतंय, आजोबा?" मामा म्हणाले, "बेंबीच्या खालल्या अंगाला. दोन ओढे येऊन मिळतेत बगा, तितं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भूगोलाचा शिक्षक आहे, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही.

ही नदी म्हणजे केतकी. तुम्ही नाव ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. बावीस वर्षं मी वर्गात ज्या नकाशावर छडी फिरवतो, त्यात केतकी जिथं असायला हवी तिथं 'कंधार' या शब्दातला 'क' पाय पसरून बसला आहे. टाकळीच्या माळावर एका झऱ्यातून ती निघते आणि चिंचोलीजवळ मन्याडला मिळते. मधे सावरगाव, बोरगाव, धानोरा. एवढीच तिची गावं. पायी निघालं तर दीड दिवसात नदी संपते. मामांच्या मोजणीप्रमाणे तिला अडीच ओढे मिळतात. एक काळा ओढा, एक म्हशीचा ओढा आणि अर्धा म्हणजे येडा ओढा. तो वर्षातून तीन दिवस वाहतो. कोणते तीन, हे मामांनाही सांगता येत नाही, आणि याचा त्यांना फार त्रास होतो.

मामा सावरगावचे. बसथांब्याजवळ त्यांचं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, मोरक्या, विहिरीचे सोल, झालंच तर बैलांच्या गळ्यातले घुंगरू. माल चांगला असतो, मालक नसतो. दाराला पाटी अडकवलेली असते, 'वरल्या अंगाला गेलोय' किंवा 'खालल्या अंगाला गेलोय.' गिऱ्हाईक हवा तो कासरा काढून घेतं आणि पैसे गल्ल्यात टाकून जातं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, जेव्हा अख्खं गाव दुकानात उभं असतं, तेव्हा मामांना हमखास आठवतं की म्हशीचा ओढा चार दिवसांत बघितला नाही.

माणूस एका जागी बसतच नाही. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याकडे. संध्याकाळी परत आले की बातम्या सांगतात. "म्हशीचा ओढा आज अलीकडंच जिरून राहिला." "धानोऱ्याच्या डोहात बगळे दोनच हायत." या बातम्या ऐकायला घरात एकच माणूस असायचं, त्यांची मुलगी महानंदा. मामी जाऊन आठ वर्षं झाली. महानंदा घरी शिलाई करते. आसपासच्या चार गावांतले ब्लाउज तिच्या मशीनखालून जातात. मशीन न थांबवता ती म्हणायची, "दोनच? मग तिसरा गेला कुठं, अप्पा?" की मामा दुसऱ्या दिवशी तिसरा बगळा शोधायला बाहेर.

माझ्याकडे लातूरला एकदा राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे. "तुमच्या हितं पाणी नळातून येतंय आन् मोरीत जातंय. मधी कायबी न्हाई. मानसानं बगावं काय?" आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे तेवढंसुद्धा बघायला मिळालं नव्हतं, हे मी बोललो नाही.

तर गेल्या कार्तिकात महानंदाचा फोन आला. "दादा, तुम्ही भूगोलाचे सर ना? मग येऊन अप्पाला समजावून सांगा. पाणी वर चढत नसंल, पण पोरगी चढू शकते."

प्रकरण असं होतं. टाकळीचा शिवानंद पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. सावरगावच्या सार्वजनिक विहिरीची मोटार जळाली तेव्हा तो तीन दिवस येत होता. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागले, याचं उत्तर विहिरीसमोरच्या महानंदाच्या खिडकीत होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, जात-पोटजात सगळं मामांच्या मनासारखं. महानंदा एकोणतीस वर्षांची, आणि तिला तोच हवा होता. मागणी रीतसर आली. मामा नाही म्हणाले. कारण टाकळी वरल्या अंगाला आहे.

"मग काय झालं?" मी सावरगावला पोचल्या पोचल्या विचारलं.

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी शाळेत कसा टिकलो असेन असं मलाच वाटायला लागलं. "का सर, पोरीच्या घरचं पाणी बाप पितो का?"

आमच्याकडे जुन्या माणसांत ही रीत अजून आहे. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणी पीत नाही. मला ती माहीत होती. तिचा भूगोल माहीत नव्हता.

"टाकळीचं पाणी कुठं येतंय?" मामांनी परीक्षा सुरू केली.

"खाली. सावरगावला."

"आमची विहीर कुठं हाय?"

"नदीच्या पात्रात."

"टाकी कशावर भरती?"

"विहिरीवर."

"मंग? उद्या पोरगी टाकळीला गेली की माझ्या घरच्या माठात कुनाच्या घरचं पाणी? मी रोज उठून पोरीच्या घरचं पिऊ? का लेकरू होईस्तवर तहानेनं मरू?"

"जारचं पाणी मागवा," मी म्हणालो.

"जार बी त्याच टाकीवर भरतेत."

आतून मशीनचा आवाज थांबला. "दादा, एवढ्यात हरू नका," महानंदा म्हणाली. "टाकळीवाले येळवसपर्यंत थांबतो म्हणलेत. त्या दिवशी शेतात जेवायला बोलावलंय, अप्पाला आणि तुम्हाला. तिथं हाव का न्हाई ते सांगायचं. नंतर ते दुसरी मुलगी बघणार. आणि मी दुसरा मुलगा बघणार न्हाई. एवढं त्यांना सांगून ठेवा." अप्पा समोरच उभे होते. तिनं ते मला सांगितलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात जेवतात. कडब्याची झोपडीसारखी कोपी उभारायची, पूजा करायची, आंबील प्यायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायची. शेत नसलेल्याला शेतवाला बोलावून नेतो. त्या दिवशीचं आमंत्रण टाळलं तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात, म्हणून मामांनाही टाळता येईना.

सकाळी आम्ही नदीच्या पात्रातूनच टाकळीकडे निघालो. गाडीरस्ता होता, पण मामांना तो रस्ता वाटतच नाही. पाणी घोट्याएवढं, वाळू थंड. मामा पुढे, मी मागे, आणि माझं पोट माझ्याही पुढे. तासाभरात मी एका खडकावर बसलो. मामा माझ्याभोवती फेऱ्या मारत राहिले.

वेळ काढायला म्हणून मी काठीनं वाळूत केतकी काढली. बावीस वर्षांची सवय. पाच गावांचे पाच खड्डे केले.

"मामा, बोरगावचं स्थळ आलं होतं ना महानंदाला? ते तर खालल्या अंगाला. ते काहून मोडलं?"

"बोरगाव पल्याडच्या काठाला. पावसाळ्यात पूल बुडतोय. पोरगी अडकून पडंल."

मी काठीनं बोरगाव पुसलं. "धानोरा?"

"काळा ओढा तितं मिळतोय. त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई."

धानोरा पुसलं. "चिंचोली? घरची तीस एकर होती म्हणे."

"मन्याड फुगली की उलटं पाणी गावात शिरतंय. मी लई वेळा बगितलंय."

चिंचोली पुसलं. "आणि टाकळी वरल्या अंगाला." तेही पुसलं. वाळूत आता लांबलचक नदी होती आणि तिच्यावर एकच खड्डा, सावरगावचा.

"मामा," मी म्हणालो, "गावंच संपली की हो."

मामांच्या फेऱ्या थांबल्या. ते वाळूतल्या नदीकडे बघत राहिले. मग खाली बसले. अगदी मांडी घालून, वाळूत. मी त्यांना आयुष्यात असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं चक्कर आली. मी बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

वाळूतल्या नदीवरून बोट फिरवत म्हणाले, "तुला येतोय की रे थोडा भूगोल."

मग उठून वाटेला लागले. एका वळणावर खंड्या पक्षी बसला होता, त्याच्याकडेही बघितलं नाही.

टाकळीच्या शेतात बरीच माणसं जमली होती. शिवानंद घाबरून कोपीचा तोच तोच कडबा पुन्हा पुन्हा सारखा करत होता. त्याची आई, साठीची ठसठशीत बाई, पुढे आली. "या अप्पा, या सर. लई उशीर केलात. आंबील घ्या आदी."

मामा बसले नाहीत. विहिरीला एक फेरी मारली, आत वाकून बघितलं. मोटारीचा पाइप हलवून बघितला. सगळं शेत त्यांच्याकडे बघायला लागलं. माझ्या मनात आलं की आता हा माणूस विहिरीच्या खोलीत काहीतरी दोष काढणार आणि महानंदाला हे फोनवर मला सांगावं लागणार.

"हे पाणी हितलंच का?" मामांनी विचारलं.

"हाव," शिवानंद म्हणाला. "याच विहिरीचं."

"एक तांब्या भरून दे."

शिवानंदानं आणला. मामांनी उभ्यानंच घटाघटा संपवला आणि रिकामा तांब्या परत पुढे केला. "अजून एक." तोही संपला. तिसऱ्याला मिशीवरून पाणी सदऱ्यावर ओघळायला लागलं.

"अवो अप्पा," शिवानंदाची आई काळजीनं म्हणाली, "नुसतं पाणी कशाला पिऊन राहिलात? आंबील हाय, ताक हाय."

"सगळं घेतो, बाई. पण आदी पाणी." मामांनी दम घेतला. "एकदा मांडव पडला की मला हितलं पाणी चालायचं न्हाई. लेकरू होईस्तवर न्हाई. तवरचं आजच पिऊन घेऊ द्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग त्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि लगेच पोरींवर ओरडल्या, "अगं बघत काय बसल्या? भज्जी वाढा! सोयरे हायत!" शिवानंद चौथा तांब्या आणायला पळाला तो दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला. मोटारीचं बटण दाबलं की पाणी येतं, हे तो मोटारवाला असून विसरला होता.

चौथा तांब्या संपल्यावर मी बाजूला जाऊन महानंदाला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "किती तांबे?"

"चार."

"चार? मग खरं हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

परतताना मला राहवलं नाही. "पण मामा, तुमच्या घरच्या माठाचं काय? ते वरूनच येणार की टाकळीचं पाणी."

"मधी येडा ओढा मिळतोय की," मामा म्हणाले. "पाणी बदलून जातंय."

"तो तर तीनच दिवस वाहतो."

"त्याचं काय वहायचं ते मी बगून घेतो. तू चाल."

ऊन उतरायच्या वेळेला सावरगाव दिसायला लागलं. मामांच्या घराचं दार सताड उघडं होतं. मशीनचा आवाज नदीपर्यंत येत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच भरभर. मामा काठावर थांबले. चपलेतली वाळू झटकली. झटकून झाल्यावरही झटकत राहिले.

"सर, लातुरात चांगलं कुलूप मिळंल का रे?"

"दुकानाला का?"

"न्हाई, घराला. कदी घेतलंच न्हाई. तुझी मामी असायची घरात, मंग ही." ते दाराकडे बघत होते. "दोन चाव्यांचं बग. एक तिच्यापाशी राहू दे."