मांडव घेऊन गेलेला रानगवा

"चला सत्यजीत, बसा आता स्टेअरिंगवर," उदयसिंह म्हणाले, आणि सत्यजीतने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

शिरढोणजवळच्या एका अंगणात, आंब्याखाली, खाकी रंगाची एक जुनी पिकअप उभी होती. रानगवा! चारही चाकांना जोर असलेली ही गाडी एका कारखान्याने १९९१ साली फक्त दोनशे बारा बनवली, आणि मग कारखानाच बंद पडला. त्यातल्या किती उरल्या यावर 'रानगवाप्रेमी मंडळ' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भांडणं होत. ग्रुपमध्ये माणसं एकतीस होती, गाडी एकाकडेही नव्हती. होत्या त्या आठवणी. दर रविवारी कुणीतरी आपली आठवण लिहायचं आणि बाकीचे तीस जण रडके चेहरे टाकायचे.

सत्यजीतची आठवण सगळ्यात गाजलेली. कॉलेजात असताना त्याने मामाच्या रानगव्यातून पूर आलेली गाढी नदी ओलांडली होती आणि एका अडलेल्या बाईला पनवेलच्या दवाखान्यात पोचवलं होतं. पहिल्या वर्षी त्या नदीला गुडघाभर पाणी होतं. दरवर्षी ते चढत गेलं. गेल्या गणपतीत ते बॉनेटवर आलं आणि बाईला जुळं झालं. खरं म्हणजे मामाकडे स्कूटर होती.

सत्यजीत पनवेलच्या एका बँकेत काउंटरवर बसायचा. महिन्यापूर्वी दाजी नावाचे एक खातेदार बोलता बोलता म्हणाले, "रानगवा? माजी हाय ना. रोज चालते." सत्यजीतने आनंदाच्या भरात ते ग्रुपवर टाकलं. म्हणून आज दाजींच्या अंगणात कोल्हापूरहून मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर उदयसिंह आले होते आणि पुण्याहून दातांच्या डॉक्टर मनिषा.

"चावी लावलेलीच हाय," दाजी बाजेवरून म्हणाले.

"अध्यक्षांचा मान पहिला," सत्यजीतने शेवटचा प्रयत्न केला. "तुम्ही तर राधानगरीच्या जंगलात तीन वर्षं चालवलीत."

"माझी कंबर!" उदयसिंहांनी चटकन कंबर धरली.

"मॅडम, मग तुम्ही?"

"या सँडलवर? छे!" मनिषा म्हणाल्या.

सत्यजीत चढला. गाडी सुरू झाली, पण गिअरच्या दांडीवरचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. "पहिला डावीकडे वरच ना?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणजे काय! डोळे मिटून!" उदयसिंह म्हणाले. मनिषांनीही मान डोलावली.

डावीकडे वर रिव्हर्स होता.

रानगवा जो मागे सुटला तो थेट शेजारच्या धर्मराजच्या अंगणात. तिथे त्याच्या मुलीच्या हळदीचा मांडव सजला होता. गाडीचा मागचा हुक बांबूत अडकला. भांबावलेल्या सत्यजीतने ब्रेक समजून भलतंच दाबलं. झालर, फुगे आणि 'सुस्वागतम्'सकट मांडव अंगावर घेऊन रानगवा कुंपण तोडून पलीकडे गेला आणि दाजींच्याच, सकाळी पाणी सोडलेल्या मेथीच्या वाफ्यात अर्ध्या चाकांपर्यंत रुतला.

"अरं, माज्या पोरीची हलद हाय!" धर्मराज ओरडत आला. "सांजंला चारशे मानसं येतील, त्यांना बसवू कुठं? तुज्या टपावर?"

"फोर व्हील टाका!" उदयसिंह धावत आले. "छोटी दांडी पुढे!"

"पुढे नाही, मागे! मला चांगलं आठवतंय," मनिषा म्हणाल्या.

सत्यजीतने पुढे टाकून पाहिली, मागे टाकून पाहिली. चाकं गरगर फिरली आणि अध्यक्षांचा पांढरा शर्ट गळ्यापासून खाली काळा झाला.

"तुम्ही राधानगरीला कशी काढायचात?" मनिषांनी विचारलं.

"तिथला चिखल वेगळा होता."

एवढ्यात धर्मराजच्या घरातून दाजींची बायको गोदू आली. हळद कालवता कालवता तशीच उठून आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. "माजी मेथी कोनी तुडवली?"

गोदूने पदर खोचला, चिखलात उतरली आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवली. "आदी हे फिरवाचं, मग दांडी टाकाची. तुमी कवा चालवलीव का नाय ही?"

सत्यजीत निमूटपणे खाली उतरला. गोदू चढली, दोन दांड्या खाटखाट पाडल्या आणि एकदा घुरघुरून रानगवा वाफ्यातून वर आला. पाठीवरच्या मांडवासकट गाडी तिने तशीच धर्मराजच्या अंगणात नेली आणि बांबूंच्या खड्ड्यांसमोर थांबवून म्हणाली, "धरा बांबू."

दोन तास तिघं बांबू पुरत होते. सुतळी बांधता बांधता सत्यजीतला राहवेना. "मामाकडे स्कूटर होती," तो म्हणाला.

उदयसिंहांनी गाठ मारली. "मी ही गाडी कॅलेंडरवर पाहिलेली. राधानगरीला एसटीने गेलो होतो."

"मी तर तुमची आठवण वाचून माझी लिहिली," मनिषा म्हणाल्या.

तिघं एकमेकांकडे बघून असे हसू लागले, की नुकताच उभा केलेला बांबू हलला.

गोदू ऐकत होती. रोज पहाटे करंजा बंदरावरून सुकी मासळी भरून ती याच गाडीने पनवेलच्या बाजारात नेई. "शिकाचं हाय काय?" तिने विचारलं. "चला शेतान. भात कापलाय, जागा मोकली हाय."

शिकवताना गोदू कुणाला अहो-जाहो करत नव्हती. "पाय हलू काड. मुंगी चिरडतस काय? पुडं बग, पायांकडं नको!" बासष्ट वर्षांच्या अध्यक्षांनी गाडी सात वेळा बंद पाडली आणि आठव्या वेळी बांधापर्यंत नेली. उतरले तेव्हा त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. मनिषा सँडल काढून चढल्या.

सत्यजीत आपल्या पाळीची वाट बघत होता. मागे कुणीतरी खाकरलं. दाजी होते, टोपी नीट करून रांगेत उभे.

"दाजी? गाडी तर तुमची!"

"माज्या नावावर हाय," दाजी कुजबुजले. "पन तीस वर्सं बाजूलाच बसतंय. मला कवा हात लावून दिला नाय तिनं."

तेवढ्यात गाडीतून गोदूचा आवाज आला, "तिगंच व्हते ना? मागं त्यो चवथा कोन रं?"

दाजी सत्यजीतच्या पाठीआड वाकले. "सांग," ते म्हणाले, "कोल्हापूरचा पावना हाय."